दाखवणं म्हणजे पाठराखण का? ‘टॅक्सी ड्रायव्हर’वरचा पन्नास वर्षांचा वाद

आरशासमोर उभा राहून बाहीतलं पिस्तूल झटक्यात हातात घेणारा आणि स्वतःच्याच प्रतिबिंबाला ‘माझ्याशी बोलतोयस का?’ असं दरडावणारा तरुण तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. टी-शर्टवर, हॉस्टेलच्या भिंतीवर, कुणाच्या डीपीला, एखाद्या रीलमध्ये. तो ट्रॅव्हिस बिकल. मार्टिन स्कॉर्सेसी दिग्दर्शित ‘टॅक्सी ड्रायव्हर’ हा सिनेमा ८ फेब्रुवारी १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे २०२६ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. २०१९ मध्ये ‘जोकर’ आला तेव्हा बहुतेक सगळ्यांना याच सिनेमाची आठवण झाली आणि एक जुना वाद पुन्हा सुरू झाला. एकट्या, संतापलेल्या पुरुषाची हिंसा इतक्या जवळून, इतक्या ताकदीने दाखवली, की ती धोक्याची सूचना ठरते की तिचं कौतुक होतं?

जगभर नावाजलेल्या या सिनेमावर इतकी जाणती माणसं इतकी परस्परविरोधी का बोलतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर सिनेमाच्या रचनेतच आहे. ते समजायला सिनेमाशास्त्र शिकावं लागत नाही, फक्त गोष्ट कोण सांगतंय याकडे लक्ष ठेवावं लागतं.

## आधी गोष्ट

ट्रॅव्हिस सव्वीस वर्षांचा आहे. अमेरिकी मरीन दलातून सन्मानाने बाहेर पडलोय, असं तो नोकरी मागताना सांगतो. रात्री झोप येत नाही म्हणून रात्रपाळीची टॅक्सी घेतो. कुणीही, कुठेही न्यायला सांगितलं तरी तो जातो. गाडीच्या काचेतून त्याला दिसतं ते सगळं शहर त्याला घाण वाटतं. एक दिवस पाऊस येईल आणि ही सगळी घाण धुऊन नेईल, असं तो डायरीत लिहितो.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात काम करणारी बेट्सी त्याला आवडते. तिला तो पहिल्यांदा सिनेमाला नेतो, तोही अश्लील सिनेमाला. ती उठून निघून जाते. का गेली, हे त्याला खरोखरच कळत नाही. मग तो बंदुका विकत घेतो, व्यायाम करतो, त्याच उमेदवाराला मारायला सभेत जातो, ते फसतं. त्याच रात्री तो वेश्याव्यवसायात अडकवलेल्या आयरिस नावाच्या बारा वर्षांच्या मुलीला ‘सोडवायला’ जातो आणि तीन माणसांना ठार करतो. वर्तमानपत्रं त्याला हिरो ठरवतात. तो बरा होतो आणि पुन्हा टॅक्सी चालवू लागतो.

गोष्ट एवढीच आहे. शेवट आधी कळल्याने काही बिघडत नाही, कारण वाद त्या शेवटावरच आहे.

## ते न्यूयॉर्क कसं होतं?

सिनेमाचं चित्रीकरण १९७५ च्या उन्हाळ्यात झालं. न्यूयॉर्क शहर तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. नोकरकपात सुरू होती, सफाई कामगारांनी संप केला आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. कपातीवर चिडलेल्या पोलीस संघटनांनी पर्यटकांसाठी कवटीचं चित्र असलेलं पत्रक काढलं होतं. त्याचं शीर्षक होतं, ‘भीतीच्या शहरात स्वागत’. व्हिएतनाम युद्ध त्याच वर्षी एप्रिलमध्ये सायगाव पडून संपलं होतं आणि परतलेल्या सैनिकांशी काय बोलावं हे देशाला कळत नव्हतं.

म्हणजे पडद्यावरची वाफ, कचरा, ओले रस्ते आणि लाल दिवे हे सगळं उभं केलेला सेट नव्हता. पण त्या शहरात लाखो माणसं संसार करत होती, मुलं शाळेत जात होती, दुकानं उघडत होती. ट्रॅव्हिसला त्यातलं काहीच दिसत नाही. ही खूणगाठ आत्ताच बांधून ठेवा.

## तुटलेपण म्हणजे एकटेपण नव्हे

या सिनेमाबद्दल लिहिताना समीक्षक एक शब्द हमखास वापरतात, परात्मता. साध्या भाषेत तुटलेपण. माणसं आजूबाजूला असतात, पण आपण त्यांच्यातले आहोत असं वाटेनासं होतं, पुढे पुढे आपण स्वतःलाही परके वाटू लागतो. एकटा माणूस खोलीत बसून कुणाची तरी वाट बघतो. तुटलेला माणूस संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चारी बाजूंनी चेंगरलेला असतो आणि तरी त्याला वाटतं, आपल्यात आणि या सगळ्यांत एक जाड काच आहे. टॅक्सी या कल्पनेत चपखल बसते. दिवसभर माणसं येतात, पाठीमागे बसतात, खाजगीतलं खाजगी बोलतात, आणि चालक तिथे नसल्यासारखंच वागतात.

पटकथाकार पॉल श्रेडर यांनी हे स्वतः भोगलं होतं. १९७२ च्या सुमारास संसार मोडलेला, राहायला घर नाही, गाडीतच दिवस काढणं चाललेलं. पोटातल्या अल्सरमुळे इस्पितळात गेले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कित्येक दिवसांत कुणाशी बोललेलोच नाही. त्या अवस्थेतून काही दिवसांतच पटकथा उतरली.

हे तुटलेपण स्कॉर्सेसींनी दाखवलंय कसं, त्यासाठी एकच दृश्य पाहा. बेट्सी निघून गेल्यानंतर ट्रॅव्हिस एका इमारतीतल्या सार्वजनिक फोनवरून तिला फोन करतो. तो आपल्याला पाठमोरा दिसतो. फुलं मिळाली का, विचारतो. तिला बरं नव्हतं का, विचारतो. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण नकार येतोय हे याच्या आवाजातून कळतं. आणि बोलणं चालू असतानाच कॅमेरा हळूच उजवीकडे सरकतो, त्याला सोडून देतो आणि शेजारच्या लांबलचक रिकाम्या कॉरिडॉरकडे बघत थांबतो. दोन्ही बाजूंना भिंती, टोकाला दार, दारापलीकडे रस्ता. आपल्याला फक्त त्याचा आवाज येत राहतो. कुणाची फजिती होत असताना आपण नजर दुसरीकडे वळवतो ना, तसं कॅमेऱ्याने केलंय. स्कॉर्सेसींच्या मते हा सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा शॉट आहे. रक्तपाताच्या दृश्यात हाच कॅमेरा कुठेही नजर वळवत नाही, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

## सगळं त्याच्याच काचेतून

वादाचं मूळ इथे आहे. जवळजवळ पूर्ण सिनेमा ट्रॅव्हिसच्या नजरेतून घडतो. डायरीतला आवाज त्याचा, गाडीची काच त्याची, रस्त्यावरच्या माणसांवर रेंगाळणारी संथ नजरही त्याचीच. आणि तो भरवशाचा निवेदक नाही, म्हणजे जे सांगतो ते जसंच्या तसं खरं धरण्यासारखं नाही.

शेजारच्या वाड्यातल्या भांडणाची हकीकत आपण एकाच पक्षाकडून ऐकतो तेव्हा काय होतं? पहिली दहा मिनिटं तो बरोबरच वाटतो. मग त्याच्याच बोलण्यात एखादी विसंगती सापडते आणि आपण सावध होतो. सिनेमा अशा विसंगती जागोजागी पेरतो. ट्रॅव्हिस आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड पाठवतो आणि त्यात लिहितो, मी सरकारच्या गोपनीय कामावर आहे, बेट्सी नावाच्या मुलीबरोबर कित्येक महिने फिरतोय. शहरगावी एकट्या राहणाऱ्या मुलाने आईला फोनवर ‘जेवलो गं, सगळं छान चाललंय’ म्हणावं, तसंच हे. फक्त हा मुलगा तोवर बंदुका घेऊन बसलेला आहे. शहराची घाण त्याला सहन होत नाही आणि रिकामा वेळ तो अश्लील सिनेमाच्या थिएटरात घालवतो. शरीर कमवायचं, वाईट खाणं बंद, असं ठरवणारा हाच माणूस नाश्त्याला पाव कुस्करून त्यावर ब्रँडी ओततो.

सिनेमा कुठेही थांबून ‘हा चुकतोय बरं का’ असं सांगत नाही. विसंगती समोर ठेवतो आणि पुढे जातो. ज्याला दिसल्या त्याला दिसल्या. समीक्षकांची भांडणं झाली ती एवढ्यावरच की ह्या खुणा पुरेशा आहेत का.

## तेव्हाचे समीक्षक काय म्हणाले?

पहिल्या स्वागतात कौतुकाचा आवाज मोठा होता. ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलीन केल यांनी याला आपल्या काळाची खरीखुरी भयकथा मानलं. त्यांचा मुद्दा असा की हा सिनेमा ट्रॅव्हिसवर नैतिक निवाडा देण्याच्या पातळीवर चालतच नाही. तो आपल्याला भोवऱ्यात खेचतो, आणि शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मुलं एक दिवस अचानक का पेटतात, ते आतून जाणवून देतो. शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी आरशासमोरच्या त्या प्रसिद्ध संवादातल्या वेगळ्याच वाक्यावर बोट ठेवलं. सगळ्यांना ‘माझ्याशी बोलतोयस का?’ आठवतं. ईबर्ट म्हणाले, सिनेमातलं सर्वांत खरं वाक्य त्यानंतरचं आहे, ‘इथे तर मी एकटाच आहे.’ आणि हा संवाद पटकथेत नव्हता. ट्रॅव्हिस आरशात स्वतःशी बोलतो, एवढीच सूचना होती. बाकीचं रॉबर्ट डी नीरो यांना उभ्या उभ्या सुचलं.

विरोधही कच्चा नव्हता. मॅनी फार्बर आणि पॅट्रिशिया पॅटरसन यांनी ‘फिल्म कॉमेंट’मध्ये सिनेमाच्या कारागिरीला दाद देतानाच अवघड जागी नख लावलं. ट्रॅव्हिस कुणाच्या खिजगणतीत नसलेला, बिनसलेला माणूस आहे असं सांगायचं आणि त्याच वेळी डी नीरोसारखा देखणा, लक्ष खिळवणारा नट प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी ठेवायचा, हे दोन्ही एकदम कसं चालेल? हा आक्षेप मला आजही पूर्ण खोडता येत नाही. त्या टी-शर्टवर ट्रॅव्हिस आला तो डी नीरोच्या चेहऱ्यामुळेच.

मे १९७६ मध्ये कान महोत्सवात हा वाद जगासमोर आला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते नाटककार टेनेसी विल्यम्स. पडद्यावरची हिंसा प्रेक्षकाला निबर करते, अशी उघड नाराजी त्यांनी व्यक्त केली होती. तरीही सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, ‘टॅक्सी ड्रायव्हर’लाच मिळाला आणि जाहीर झाला तेव्हा सभागृहात हुर्योही झाली. ऑस्करला चार नामांकनं होती, हाती काहीच लागलं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘रॉकी’, म्हणजे कष्टाने वर येणाऱ्या साध्या माणसाची गोष्ट. पुढे मान वाढतच गेला. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना आजवरचे सर्वोत्तम चित्रपट विचारले, तेव्हा हा पाचव्या क्रमांकावर होता.

## ‘पण इतकं रक्त दाखवायची गरज काय?’

हा आक्षेप तेव्हा मानांकन मंडळानेही घेतला. शेवटच्या गोळीबारामुळे सिनेमाला ‘एक्स’ मिळण्याची वेळ आली होती, आणि ‘एक्स’ म्हणजे अनेक थिएटरांची दारं बंद. स्कॉर्सेसींनी दृश्य काढलं नाही, त्याचे रंग उतरवले. रक्ताचा लालभडक रंग तपकिरीकडे झुकला आणि ‘आर’ मिळालं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांबरोबरच पाहायचं असं सौम्य मानांकन. गंमत अशी की त्या मळकट रंगाने ते दृश्य जास्तच अस्वस्थ करतं. जुन्या गुन्ह्याचे पोलिसी फोटो पाहतोय असं वाटतं.

त्यातही मजा वाटावी असं काही नाही. कुणी चपळाईने नाचत नाही, कुणी टाळीचं वाक्य फेकत नाही. माणसं पटकन मरत नाहीत, जिन्यावर सरपटतात, ओरडत राहतात. आयरिस कोपऱ्यात रडत ‘नको, मारू नको’ म्हणते. जिला सोडवायचं तीच विनवतेय आणि सोडवणाऱ्याला ऐकू येत नाही. बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर ट्रॅव्हिस सोफ्यावर बसतो आणि रक्ताळलेलं बोट स्वतःच्या कपाळाला लावून तोंडाने गोळीचा आवाज काढतो. मग कॅमेरा छतावर जातो. त्यासाठी खऱ्या इमारतीचं छत कापलं होतं. वरून तो सगळा नरक संथपणे दाखवत कॅमेरा बाहेर रस्त्यावरच्या गर्दीपर्यंत येतो. यात फुशारकी शोधणाऱ्याला ती सापडणार नाही असं मी म्हणत नाही, पण ती त्याला बरोबर घेऊन यावी लागेल.

## ‘शेवटी तर तो हिरोच ठरतो!’

ठरतो, आणि हीच कळीची जागा आहे. भिंतीवर वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली. पिट्सबर्गहून आयरिसच्या आईवडिलांचं आभाराचं पत्र. बेट्सी टॅक्सीत येऊन बसते, आदराने बघते. अनेकांनी यावर तोडगा काढला की हे सगळं मरणाऱ्या माणसाचं स्वप्न आहे. पण स्कॉर्सेसी आणि श्रेडर दोघांनीही सांगितलंय की हे स्वप्न नाही. ट्रॅव्हिस बरा झालेला नाही, पुढच्या वेळी तो हिरो ठरणार नाही, आणि शेवटची चौकट पहिल्या चौकटीला जोडली तर सिनेमा पुन्हा सुरू होईल, असं त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर हॉस्टेलवर हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला आणि त्या कात्रणांपाशी आम्ही खरंच टाळ्या वाजवल्या. मुलगी वाचली ना! पुन्हा पाहिला तेव्हा एक साधा हिशेब लागला. काही तासांपूर्वी हाच माणूस दुसऱ्याच एकाला मारायला निघाला होता. तिथे गोळी सुटली असती तर तीच वर्तमानपत्रं त्याला राक्षस म्हणाली असती. माणूस तोच, बंदूक तीच, संताप तोच. फक्त समोरचा बदलला. टाळी ट्रॅव्हिससाठी नव्हती, बळी कोण गेले त्यासाठी होती. त्या काळात ‘डेथ विश’सारखे सिनेमे तुफान चालत होते, एकटा नागरिक गुंडांना वेचून मारतो आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ त्याच प्रेक्षकाच्या हाती ती शिट्टी देतो आणि ती कशावर वाजली ते त्याला बघायला लावतो. आम्हाला पहिल्या खेपेला ते दिसलं नाही, हेही तितकंच खरं.

## ‘आणि वंशद्वेषाचं काय?’

इथे सिनेमाची बाजू मला सगळ्यात कमकुवत वाटते, म्हणून जरा थांबू.

ट्रॅव्हिसची नजर काळ्या माणसांवर येते तेव्हा कॅमेरा संथ होतो आणि ती माणसं धमकीसारखी दिसू लागतात. द्वेष त्याचा आहे हे कबूल. पण त्या माणसांना स्वतःचं नाव, घर, बोलणं सिनेमात फारसं मिळतच नाही. मूळ पटकथेत आयरिसचा दलाल काळा होता. दंगली होतील या भीतीने ती भूमिका गोऱ्या हार्वी कायटल यांच्याकडे गेली. त्यामुळे सिनेमा अधिक सुरक्षित झाला, पण ट्रॅव्हिसच्या हिंसेचं एक मूळ झाकलं गेलं.

ते एका दृश्यात मात्र उघडं राहिलंय. किराणा दुकानात एक काळा तरुण दरोडा घालतो. ट्रॅव्हिस त्याला गोळी घालतो. पहिला खून. बंदुकीचा परवाना नाही म्हणून तो घाबरतो. दुकानदार त्याला सांगतो, तू जा, मी बघतो. आणि जमिनीवर पडलेल्या त्या माणसाला लोखंडी दांड्याने मारत राहतो, मारतच राहतो. कुठे बातमी नाही, चौकशी नाही, कात्रण नाही. सिनेमाभर ह्या मेलेल्या माणसाचा पुन्हा उल्लेख येत नाही. कुणाचा मृत्यू मोजला जातो आणि कुणाचा नाही, हे एवढ्या थोडक्यात दाखवणारं दृश्य क्वचित सापडेल. पण दिग्दर्शकाला ते जाणूनबुजून सांगायचं होतं की सिनेमाही त्या माणसाला तसाच विसरला?

समीक्षक रॉबिन वुड यांनी याचं जे उत्तर दिलं ते मला मोलाचं वाटतं. त्यांच्या मते हा सिनेमा स्वतःशीच भांडतो. लेखक आणि दिग्दर्शकाची ओढ वेगवेगळ्या दिशांना आहे, ट्रॅव्हिसबद्दल नेमकं काय वाटावं याचा निर्णय सिनेमाकडून होतच नाही. आणि ही विसंगती कुणाच्या आळसातून आलेली नाही, सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेलाच तो निर्णय करता येत नव्हता. म्हणजे सिनेमात तडा आहे, पण तो त्या काळातून आलेला आहे.

## ‘हा सिनेमा पाहून खरोखर गोळी झाडली गेली’

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जॉन हिंक्ली याने राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. रेगन यांच्यासह चार जण जखमी झाले. हिंक्लीने ‘टॅक्सी ड्रायव्हर’ पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि आयरिसची भूमिका करणाऱ्या जोडी फॉस्टरचा त्याला ध्यास लागला होता. खटल्यात ज्यूरीला हा सिनेमा दाखवण्यात आला. १९८२ मध्ये वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरवून मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. हल्ल्यामुळे त्या दिवशीचा ऑस्कर सोहळा एक दिवस पुढे गेला, आणि दुसऱ्या दिवशी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला डी नीरो यांना, स्कॉर्सेसींच्याच दुसऱ्या चित्रपटासाठी.

याचा अर्थ सिनेमाने गोळी झाडायला लावली, असा होतो का? साखळी दुसऱ्या टोकाकडूनही पाहायला हवी. ट्रॅव्हिस घडवताना श्रेडर यांच्यासमोर काही अंशी आर्थर ब्रेमर होता. या ब्रेमरने मे १९७२ मध्ये निवडणुकीतले उमेदवार जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. म्हणजे असा तरुण आधी प्रत्यक्षात होता, मग पडद्यावर आला, मग पुन्हा प्रत्यक्षात. लाखो लोकांनी हा सिनेमा पाहिला आणि ते घरी गेले. हिंक्लीने त्यातून स्वतःला हवं तेच उचललं आणि आयरिसचं ‘मारू नको’ त्यालाही ऐकू आलं नाही. पण मेलेल्या, जखमी झालेल्या माणसांच्या घरी जाऊन ‘तुम्ही सिनेमा नीट वाचला नाही’ असं सांगता येत नाही, हेही मला कळतं. या प्रश्नावर स्वच्छ उत्तर असल्याचा आव आणणाऱ्या कुठल्याच बाजूवर माझा विश्वास बसत नाही.

## पाहणार असाल तर शेवटची काही सेकंदं

संगीतकार बर्नार्ड हर्मन यांचं हे शेवटचं काम. २४ डिसेंबर १९७५ रोजी, ध्वनिमुद्रण संपल्यानंतर काही तासांतच ते गेले. सिनेमाभर त्यांचा तो अलवार सॅक्सोफोन ऐकू येतो. एखाद्या प्रेमकथेला शोभेल असा, आणि म्हणूनच इथे भीतीदायक.

शेवटी बेट्सी उतरून जाते. ट्रॅव्हिस पैसे घेत नाही, हसतो, गाडी पुढे काढतो. सगळं निवलेलं असतं. आणि अचानक त्याला आरशात काहीतरी दिसतं. काय ते आपल्याला दाखवलेलं नाही. एक टोचणारा, उलटा वाजवल्यासारखा स्वर येतो. त्याचे डोळे झर्रकन आरशाकडे जातात, हात वर जाऊन आरसा फिरवतो. आता आरशात तो नाही. फक्त रस्त्यावरचे दिवे आहेत, लाल, हिरवे, ओल्या काचेवर पसरलेले, आणि गाडी चालूच आहे.